पांढरीचे ऋण

(पेठ वडगाव येथील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आपल्या दोन्ही गावांच्या नावांत वड आहे. आपले वडगाव आणि आमचे चिंचवड. चिंच आणि वड यांच्या गर्दीवरून आमच्या गावाला हे नाव पडले, असे लहानपणी वडीलधाऱ्या माणसांकडून ऐकत आलो. आज चिंचवडगावात चिंचही शोधावी लागते आणि वडही. नाव मात्र शिल्लक आहे.

परंतु आपले नाते एवढ्यावर संपत नाही. ज्यांच्या समाधीने हे गाव इतिहासात कायमचे नोंदले गेले, त्या सेनापती धनाजीराव जाधवांचे अखेरचे वर्ष आठवा. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमाकाठी खेडला महाराणी ताराबाईंचे सैन्य आणि मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले शाहू महाराज समोरासमोर उभे राहिले. धनाजीराव ताराबाईंच्या बाजूने गेले होते. ते तेथे शाहू महाराजांना मिळाले आणि मराठी राज्याच्या इतिहासाने वळण घेतले. ते खेड म्हणजे आजचे राजगुरुनगर, आमच्या चिंचवडपासून नाशिकच्या रस्त्याने तासाभराच्या अंतरावर. पुढच्याच वर्षी, १७०८ मध्ये, धनाजीरावांनी या वडगावात देह ठेवला. आमच्या परिसरातून निघालेली त्यांची वाट आपल्या गावी येऊन थांबली. मी काल जवळपास त्याच वाटेने आलो. महामार्गामुळे मला चार-पाच तास लागले इतकेच. आज सकाळी समाधीचे दर्शन घेतले आणि मगच या व्यासपीठावर पाऊल ठेवले.

संयोजकांनी मला विषय दिला आहे तो ‘औद्योगिक नगरीच्या कडेचे जुने गाव’ असा. मी इतिहासकार नव्हे. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला मनुष्य आहे. माझा अधिकार असलाच तर तो एवढाच की, अशा एका गावात मी जन्मलो, वाढलो, आणि ते गाव मोडताना मी प्रेक्षक नव्हतो. मोडणाऱ्यांच्या कागदावर माझीही सही आहे. तिच्याविषयी पुढे बोलेन.

आपल्या पूर्वजांनी गावच्या जमिनीला दोन नावे दिली होती. पिकते ती काळी आणि जिच्यावर वस्ती असते ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधायची, पावसाने ती ढासळायची, त्याच मातीवर पुन्हा भिंती उभ्या करायच्या. अशाने गावाखालची माती पांढुरकी होते आणि गाव आजूबाजूच्या रानापेक्षा उंच होत जाते. आज आपण तिला गावठाण म्हणतो. ‘गावठाण’ हा शब्द नकाशावरचा आहे, ‘पांढरी’ या शब्दात मात्र माणसांच्या वास्तव्याचा थर आहे. गावावर संकट आले तर पांढरीची पूजा करीत, तिला साकडे घालीत. काळी पोट भरते आणि पांढरी माणसाला गावकरी करते, अशी त्यामागची समजूत असावी.

आमच्या चिंचवडची पांढरी पवनेच्या काठी आहे. महासाधू मोरया गोसावी यांनी येथे संजीवन समाधी घेतली. परंपरेने ते वर्ष १५६१ मानतात, अभ्यासकांत त्याविषयी मतभेद आहेत. समाधीवरचे आजचे दगडी मंदिर त्यांचे पुत्र चिंतामणी महाराज यांनी शके १५८०-८१, म्हणजे इ.स. १६५८-५९ या सुमारास बांधले. तुकोबारायांनी या चिंतामणी महाराजांना ‘देव’ म्हटले आणि तेच त्यांच्या घराण्याचे आडनाव झाले, अशी आख्यायिका आहे. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी चिंचवडहून मोरगावला जाते. पावसाळ्यात पवना धरणातून पाणी सोडले की नदी समाधी मंदिरात शिरते. पाणी ओसरले की गाळ काढायला गावातली मुले येतात. लहानपणी मीही काढला आहे. हा क्रम आजतागायत चालू आहे.

या पांढरीच्या भोवती देवांचा मंगलमूर्ती वाडा, पुजाऱ्यांची, कारकुनांची, बलुतेदारांची घरे, पवनेच्या घाटाकडे उतरणारी गल्ली, अशी वस्ती वाढत गेली. त्याच वस्तीत चापेकरांचे घर. दामोदर हरी, बाळकृष्ण हरी आणि वासुदेव हरी या तिघा भावांनी २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगच्या काळातील जुलमाचा सूड घेतला. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मरण पावला. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुढच्या वर्षी ८ मे रोजी वासुदेव, १० मे रोजी त्यांचे सहकारी महादेव रानडे आणि १२ मे रोजी बाळकृष्ण. पाच दिवसांत तीन तरुण गेले. हे सारे आपणांस ठाऊक आहे.

मला आज बोलायचे आहे ते त्या घराविषयी. दामोदरपंतांनी तुरुंगात आपली हकीकत लिहून ठेवली. तीत ते सांगतात की, त्यांच्या जन्माच्या वेळी त्या वाड्यात सुमारे वीस माणसांचे एकत्र कुटुंब नांदत होते. आजोबा विनायकरावांनी व्यवसायात हात घातला, तो बुडाला. संपन्न घराला उतरती कळा लागली, भाऊ भाऊ दूर झाले. वडील हरिपंतांनी कीर्तनाचा मार्ग धरला. साथीदार ठेवायला पैसे नव्हते म्हणून मुलांनाच वाद्ये शिकवून साथीला घेतले. म्हणजे वाडा ओस पडणे, घर विभक्त होणे, हे काही आपल्या काळाचे पाप आहे असे नाही. १८८० च्या दशकातही ते घडत होते. तेव्हा घर फुटले तरी जमिनीवरचा वाडा उभा राहत असे आणि कोणीतरी परत येत असे, एवढाच काय तो फरक.

आता काळीकडे वळतो. स्वातंत्र्य आले, फाळणी झाली आणि सिंधमधून उखडून आलेल्या बांधवांची छावणी पिंपरीला वसली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाला. पेनिसिलिन स्वदेशात तयार होऊ लागले. १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पुढच्या काही वर्षांत वाहनांचे, यंत्रांचे, इंजिनांचे कारखाने एकामागून एक उभे राहिले. भोसरी, आकुर्डी, चिंचवड, निगडी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांवर गेली होती. चिंचवडच्या मूळ गावात जितकी माणसे होती, तितकी आज एखाद्या मोठ्या गृहसंकुलात राहतात.

मी कारखान्यांना नावे ठेवणारा नाही. त्या भोंग्यावर माझे घर चालले, मुलांची शिक्षणे झाली. माझ्या गावाची काळी जमीन कारखान्यांखाली गेली तेव्हा गावाने ती राष्ट्रासाठी दिली असे आम्ही मानले आणि आजही मला त्यात खोटे वाटत नाही. मोबदला मात्र फार थोडा मिळाला आणि तो फार लवकर संपला. काळी गेली ती सरकारी हुकुमाने. पांढरी मात्र कोणी घेतली नाही. ती आम्ही आपल्या हाताने दिली.

कारखाने आले आणि माणसे आली. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, मराठवाडा, सर्वांकडून. त्यांना राहायला जागा कुठे? चिंचवडगावातल्या वाड्यांत. माजघराला एक कुडाची भिंत घालायची आणि खोली करायची, गोठ्यावर पत्रे टाकायचे आणि खोली करायची. आमच्या वाड्यात अशा सात खोल्या झाल्या. त्यांतल्या एका खोलीत १९७४ साली हातकणंगले तालुक्यातला एक मुलगा राहायला आला. आय.टी.आय. झालेला, टर्नर. रात्रपाळीहून पहाटे यायचा, माझ्या आईला ‘काकू’ म्हणायचा. आषाढीला गावी जाऊन यायचा आणि येताना गुळाची ढेप आणायचा. तो आज या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याच्याच आग्रहामुळे मी येथे आलो. तो मला ‘दादा’ म्हणतो. त्याची परवानगी घेऊनच मी हे सांगतो आहे.

आता माझ्या सहीचे सांगतो. आमचा वाडा दोन चौकांचा होता. दगडी जोते, वर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब, तुळयांवर कडीपाट. तुमच्याकडे ज्याला सोपा म्हणतात त्याला आम्ही ओसरी म्हणतो. त्या ओसरीच्या एका तुळईवर चुन्याने शके लिहिलेला होता, अक्षरे अर्धी पुसलेली. भिंतीत बळद होते, धान्य ठेवायचे. दिंडीदरवाज्याच्या चौकटीवर आम्हां भावंडांच्या उंचीच्या खुणा कोयत्याने केलेल्या होत्या.

हा वाडा आजोबांच्या नावावर. त्यांना चार मुलगे, तीन मुली. वडिलांची पिढी गेली तेव्हा मिळकत पत्रिकेवर नावे चढली सतरा. मुलींनाही हिस्सा मिळाला हे न्यायाचेच झाले, त्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. परंतु सतरा जणांपैकी वाड्यात राहत होतो आम्ही तिघे. बाकीचे पुण्यात, मुंबईत, नाशिकला, एक अमेरिकेत. गळती लागली की आम्ही तिघांनी काढायची, पट्टी आम्ही भरायची, आणि विषय निघाला की प्रत्येकाला आपला सतरावा भाग आठवायचा.

भाडेकरूंचे दुसरे त्रांगडे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती. २००० साली नवा कायदा अमलात आला तरी जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही. आमच्या वाड्यात एका खोलीचे भाडे महिना अठरा रुपये होते. अठरा रुपयांत एक कौलही बदलून होत नाही. मालकाकडे दुरुस्तीला पैसा नाही, भाडेकरू मालकाची वास्तू म्हणून हात लावत नाही, आणि वास्तू दोघांच्या डोळ्यांदेखत झिजत जाते. महाराष्ट्रातले किती वाडे इंग्रजांनी पाडले आणि किती आपण या एका गाठीत पाडले, याचा हिशेब कधीतरी कोणी मांडायला हवा.

आणि एक कबुली. आम्ही त्यांना भाडेकरू म्हणत होतो, परंतु शेवटच्या दहा वर्षांत मागच्या चौकातल्या तुळशीला पाणी त्याच बायका घालीत होत्या. आमच्या घरातल्या सुना नोकरीला जात. वाड्याची पांढरी त्यांनी राखली होती आणि कागदावर त्यांचे नाव फक्त ‘अडथळा’ म्हणून होते.

एक विकसक आला. त्याने सतरा जणांना गाठले, प्रत्येकाला वेगळे. कोणाला रोख, कोणाला सदनिका, भाडेकरूंना कमी-अधिक काही. माझ्या धाकट्या काकांच्या मुलाने विरोध केला. तोच आमच्यात सर्वांत गरीब होता. त्याचे म्हणणे होते की पुढचा चौक तरी ठेवू, मागे इमारत होऊ द्या. मी त्याला समजावले. मोठा या नात्याने मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, ‘अरे, भिंती पडायला आल्या आहेत, उद्या कोणाच्या अंगावर पडल्या तर?’ हे खोटे नव्हते. पण मी ते खरे म्हणून बोललो नव्हतो. मला तिसऱ्या मजल्यावरची सदनिका हवी होती. त्याने सही केली. माझी आधीच झाली होती.

वाडा पाडायला सहा दिवस लागले. सागवान विकले गेले. काही वर्षांनी एका महामार्गावरच्या उपाहारगृहात, शोभेसाठी उभ्या केलेल्या दोन खांबांपाशी माझी पत्नी थांबली आणि म्हणाली, ‘हे आपले.’ मी म्हटले, सारखे दिसतात. तिने खांबाच्या मागच्या बाजूला हात लावून दाखवला. पाळण्याची कडी मारल्याची खूण होती.

आता त्याच गावातले दुसरे उदाहरण सांगतो, नाहीतर आपण म्हणाल की हा मनुष्य केवळ रडायला आला आहे. चापेकरांचा वाडाही असाच मोडकळीला आला होता. क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीने तो पुन्हा उभा केला. या कामात गिरीश प्रभुणे यांनी आयुष्य घातले. यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी त्यांनी केलेले काम आपणांस ठाऊक असेल, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. ८ जुलै २०१८ रोजी दामोदर हरी चापेकर यांच्यावर टपाल तिकीटही निघाले. मला मात्र तिकिटापेक्षा, पुतळ्यापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. समितीने त्या परिसरात २००६ पासून पुनरुत्थान समरसता गुरुकुलम सुरू केले. पारधी, वडार, कैकाडी अशा समाजांतली मुले तेथे राहतात, शिकतात. ज्यांना गावाच्या पांढरीवर कधी थारा मिळाला नाही, वेशीबाहेरच ज्यांची पाले पडली, त्यांची मुले आज चिंचवडच्या जुन्या वस्तीत संध्याकाळी खेळतात. मी गल्लीतून जातो तेव्हा जुन्या गावाचा आवाज मला कोठे ऐकू येत असेल तर तो तेथे. बाकी सर्वत्र वाहनतळाच्या फाटकांचा आवाज.

घर केवळ पूज्य मानल्याने वाचत नाही, हे मला उशिरा कळले. आमचा वाडाही आम्ही पूज्यच मानत होतो. दसऱ्याला दिंडीदरवाज्याला तोरण बांधत होतो. जे घर वापरात राहिले, ज्याच्या छपराखाली रोज कोणीतरी काहीतरी करीत राहिले, ते उरले. मोरया गोसावींच्या समाधीतला गाळ दरवर्षी निघतो, कारण तेथे दरवर्षी उत्सव आहे. आणि गंमत पाहा, ज्या कारखान्यांना आम्ही चिरंतन समजत होतो, त्यांचे आयुष्य एका पिढीचेच ठरले. आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्यात साठच्या दशकापासून स्कूटरी निघाल्या. २००७ मध्ये तेथील वाहननिर्मिती थांबली. कारखान्याने आपल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत देशाला खूप दिले. पण त्याच्या भरवशावर आम्ही चारशे वर्षांची वस्ती मोडली, ही चूक कारखान्याची नव्हे.

आता आपल्या वडगावाकडे येतो. पाहुण्याने यजमानाच्या घराविषयी जपून बोलावे, तरीही बोलतो. आपल्या गावाच्या नावाआधी ‘पेठ’ आहे. महाराष्ट्रात वडगावे पुष्कळ. आमच्याजवळच वडगाव मावळ आहे, जेथे जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना शरणागतीचा तह करावा लागला. या गर्दीत आपली ओळख पेठ ही आहे. पेठेतले घर म्हणजे पुढे दुकान, मागे संसार, वर माळा; माप घेणाऱ्या व्यापाऱ्याचा आवाज आणि माजघरातल्या पाळण्याची कुरकुर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. अशा घरात मूल वाढते ते व्यवहार आणि संस्कार एकत्र शिकत. म्हणून पेठेची पांढरी शेतकरी गावाच्या पांढरीहून निराळी.

आणि आपणही उद्योगांच्या कडेलाच बसला आहात. एका अंगाला शिरोलीची औद्योगिक वसाहत, ओतशाळांची, पलीकडे कागल-हातकणंगलेची, आणि इचलकरंजी तर यंत्रमागांचे माहेर. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तेथे पहिला यंत्रमाग आणला, २०२२ मध्ये ते गाव महानगरपालिका झाले. इचलकरंजीचा उल्लेख केला म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. तेथील जहागीरदार घराण्याचे मूळ पुरुष नारो महादेव जोशी. त्यांनी संताजी घोरपड्यांविषयीच्या कृतज्ञतेने घोरपडे हे नाव घेतले. ज्यांची नावे आपण एका श्वासात घेतो, त्या संताजी-धनाजींपैकी एकाचे नाव त्या नगरीत नांदले आणि दुसऱ्याची समाधी या पेठेत आहे. हयातीत त्या दोघांचे शेवटी पटले नाही. या तालुक्यात मात्र ते शेजारी आहेत.

चिंचवडमध्ये जे १९६० नंतर झाले ते येथे जसेच्या तसे होईल असे मी म्हणत नाही. आपल्याभोवती ऊस आहे, सहकार आहे, काळी अजून आपल्याच हातात आहे. परंतु पांढरी जाते ती नेहमी घराच्या आतून, आणि त्यासाठी महानगरपालिका यावी लागत नाही. तीन भावांची वाटणी आणि एक गळके छप्पर पुरेसे असते.

मग काय करावे? मी उपदेशाचा अधिकारी नाही, अनुभवाचे चार शब्द सांगतो. वाटणीची वेळ आली तर भिंती वाटू नका, किंमत वाटा. एका भावाने वास्तू घ्यावी, इतरांनी हक्कसोड पत्र द्यावे, मोबदला हप्त्यांनी घ्यावा. सख्ख्या भावाला पाच वर्षांची मुदत द्यायला आपण कचरतो, आणि परक्याला मात्र सहज देतो. पुढचा सोपा राखून मागे नवे बांधता येते. माझ्या गरीब चुलतभावाने हेच सुचवले होते. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभर लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंसाठी तरतुदी आहेत. नगरपरिषदेकडे जुन्या घरांची यादी व्हावी असा आग्रह नागरिकांनी धरावा. आणि घर राखले तर ते बंद ठेवू नका. अभ्यासिका चालवा, दवाखाना चालवा, नातवाचे दुकान काढा, पण कुलूप लावू नका. कुलूपबंद वाड्याला वाळवी आणि दलाल दोन्ही लवकर लागतात.

आणि हे काहीच जमले नाही तर निदान मोजून ठेवा. याचे महत्त्व आपल्या शेजारच्याच एका गावाच्या आधाराने सांगतो. वळिवडे येथून दूर नाही. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात तेथे राहिले. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी बांधव आले आणि गांधीनगर वसले. आमची पिंपरी आणि आपले गांधीनगर, दोन्ही एकाच दुःखातून उभी राहिली आहेत. त्या पोलिश कुटुंबांच्या मायदेशाची राजधानी वॉर्सा जर्मनांनी जवळजवळ जमीनदोस्त केली होती. परंतु युद्धापूर्वी आणि युद्धकाळातही तेथील वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी जुन्या वस्तीतल्या घरांची मोजमापे घेऊन चित्रे काढून ठेवली होती. ती लपवून जपली गेली. युद्ध संपल्यावर त्या कागदांच्या आणि जुन्या चित्रांच्या आधाराने लोकांनी जुने शहर पुन्हा उभारले आणि १९८० मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्याच वॉर्सात कोल्हापूरच्या ऋणाची आठवण म्हणून स्मारक आहे; ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन आदरांजली वाहिली.

आमच्या वाड्याचा एकही नकाशा नाही. चौक किती हात होता, हे आम्ही सतरा जण आठवतो आणि सतरा आकडे सांगतो.

मघाशी मी ज्याचा उल्लेख केला, तो माझा धाकटा भाऊ म्हणा, निवृत्त होऊन आपल्या गावी परतला आहे. त्याच्या वडिलांचे घर पाच भावांत आहे. गेल्या महिन्यात त्याचा दूरध्वनी आला. म्हणाला, ‘दादा, कागद तयार आहे, सही करायची आहे. त्याआधी तुम्ही एकदा या.’ व्याख्यानाचे निमित्त त्याने नंतर काढले. मी काल रात्री त्याच्याकडे उतरलो. मी त्याला सही कर असे सांगितले नाही, करू नको असेही नाही. ज्याने स्वतः केली आहे त्याने काय सांगायचे? त्याचे दोन भाऊही आले होते. थोरल्याला पैशांची खरोखर निकड आहे, घरात आजारपण आहे. तेही घराइतकेच खरे आहे.

आज सकाळी समाधीच्या दर्शनाहून परतल्यावर आम्ही टेप घेतला. तो एक टोक धरून उभा राहिला, मी दुसरे. टूलरूमची सवय, मी आकडे सांगत होतो, त्याची नात वहीत लिहीत होती. सोपा मोजला, माजघर मोजले, देवघराचा कोनाडा मोजला. मधल्या दाराच्या चौकटीची उंची पाच फूट दोन इंच भरली. नातीने विचारले, ‘आजोबा, दार इतके बुटके का?’ थोरला भाऊ तोपर्यंत पडवीत गप्प बसला होता. तो उठून आला आणि म्हणाला, ‘आत जाताना वाकावं म्हणून.’ मग त्याने टेपचे टोक माझ्या हातातून घेतले. परड्याकडची बाजू अजून राहिली आहे, ती आम्ही सभेनंतर मोजणार आहोत.